बेसिक सारखं, पगार वेगळा : महापेच्या एका कारखान्यात स्त्री-पुरुष वेतनातली तफावत कशी मोजली आणि दुरुस्त केली

२१ नोव्हेंबर २०२५ ला वेतन संहिता, म्हणजे वेतनाबाबतचा नवा केंद्रीय कायदा, लागू झाली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या पेरोलवाल्यांचं डोकं एकाच तरतुदीत अडकलं : वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर जास्तीचा भाग वेतनातच धरायचा. म्हणजे सगळ्यांच्या पगाराची मोडणी (बेसिक किती, भत्ते किती) नव्याने करणं आलं. त्याच संहितेचं कलम ३ मात्र फारसं कोणी उघडून पाहिलं नाही. एकाच मालकाकडे सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं काम असेल तर लिंगावरून वेतनात भेद करायचा नाही, असं ते कलम सांगतं. यात नवीन काही नाही. १९७६ च्या समान मोबदला कायद्यातही हेच होतं. फक्त मध्यम कारखान्यांत तो कायदा नमुना 'डी'चं, म्हणजे स्त्री-पुरुषांच्या पगाराच्या नोंदीचं, रजिस्टर भरण्यापुरता उरला होता, आणि ते रजिस्टरही निरीक्षक येणार असल्याची कुणकुण लागली की भरलं जायचं.

कारखाना नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीतला, औषधं भरून पॅक करणारा. माणसं दोनशेच्या आत, त्यात बायका साधारण तिसरा हिस्सा. मोडणी बदलायचीच आहे तर तफावतही तपासावी आणि १ एप्रिलच्या पगारवाढीत ती मिटवावी, असं अकाउंट्स आणि एचआर मिळून आम्ही ठरवलं. मोठ्या कंपन्या यासाठी सल्लागार नेमतात, लहान जागी हे काम एक्सेलवरच होतं. काम डिसेंबरात सुरू झालं आणि एप्रिलच्या पगारात उतरलं. ज्यांना आपल्याकडे हे करायचं आहे त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिलं आहे.

डिसेंबर कागद जमवण्यात गेला. मागच्या बारा महिन्यांचं पगारपत्रक, मस्टर (हजेरीपत्रक), ओटी (ओव्हरटाइम) रजिस्टर, नेमणूकपत्रं, पगारवाढीची पत्रं आणि व्हाउचरवर दिलेल्या इन्सेन्टिव्हची फाईल. ही शेवटची फाईल सॉफ्टवेअरमध्ये नसते, रोखपालाच्या कपाटात असते. तफावतीचा एक तुकडा हमखास तिच्यात सापडतो. रुजू झाल्याची तारीख पीएफच्या नोंदींशी ताडून घ्या, कारण ठेकेदाराकडून कायम झालेल्यांच्या दोन-दोन तारखा निघतात. नावं काढून कोड टाकले आणि कोडांची चावी एकाच माणसाकडे ठेवली. पगाराची गोष्ट कँटीनमध्ये पोचायला एक चहा पुरतो.

पहिली खबरदारी म्हणजे हातात पडणाऱ्या पगाराची तुलना करायची नाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. पुरुषाला मात्र १०,००० च्या वर गेलं की महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० द्यावे लागतात. त्यामुळे एकूण पगार सारखा असला तरी बाईच्या हातात दोनशे जास्त पडतात, आणि 'आमच्याकडे तर बायकांनाच जास्त मिळतं' असा निष्कर्ष निघतो. पतसोसायटीचा हप्ता, अ‍ॅडव्हान्स, कँटीनची कपात यांनीही असाच घोळ होतो. कपातीच्या आधीचा आकडा घ्यायचा.

दुसरी गोष्ट बाळंतपणाच्या रजेची. ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा महामंडळात) असलेल्या कामगार स्त्रीला २६ आठवड्यांची रक्कम महामंडळ थेट देतं. तेवढे महिने कारखान्याच्या पगारपत्रकात तिच्या नावापुढे शून्य येतं. वर्षाची बेरीज करून बाराने भागलं की तिचा पगार निम्मा दिसतो आणि तफावत खोटी फुगते. बिनपगारी रजा, वर्षाच्या मधेच रुजू होणं, एखाद्या महिन्यात एकदम आलेली थकबाकी, हे सगळं याच जातीचं. उपाय असा की दोन वेगळे रकाने करायचे : एकात पगाराचा महिन्याचा दर, दुसऱ्यात प्रत्यक्ष भरलेल्या तासांवर भागलेली कमाई. दोन्ही लागतात. पहिल्यात एक गोष्ट दिसते, दुसऱ्यात दुसरी.

आता 'वेतन' म्हणजे काय धरायचं? बहुतेक जण इथे बेसिक आणि महागाई भत्ता घेऊन मोकळे होतात. संहितेच्या व्याख्येत वाहतूक भत्ता, घरभाडे भत्ता, करारानुसार मिळणारी रक्कम आणि ओटी हे एरवी वेतनातून वगळले आहेत. पण त्याच व्याख्येच्या परंतुकात (अपवाद सांगणाऱ्या ओळीत) स्पष्ट लिहिलं आहे की स्त्री-पुरुष समान वेतनाच्या प्रश्नासाठी हे चारही धरायचे. तीच व्याख्या पीएफसाठी वाचताना नजर या ओळीवरून घसरते. आमच्या तक्त्यात बेसिकचे रकाने जवळपास बिनचूक जुळले. हे चार रकाने जोडले आणि चित्र पालटलं.

वाहतूक भत्ता पेट्रोलच्या पावतीवर मिळत होता. म्हणजे बाईक असणाऱ्याला. रबाळे किंवा कोपरखैरणे स्टेशनवरून शेअर रिक्षाने येणारीला पावती कोण देणार?

जानेवारीत कामांचे गट पाडले. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा. संहितेत 'सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं काम' ठरवायचे निकष चार : कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी. कामाची परिस्थिती सारखी हवी, आणि फरक असला तरी नोकरीच्या अटींच्या दृष्टीने त्याला व्यवहारात महत्त्व नसावं. पदनामाचा यात उल्लेखच नाही. म्हणून पदनामाचा रकाना बाजूला ठेवा. पगाराचा रकाना तर लपवूनच टाका. आकडा डोळ्यांपुढे असला की माणूस त्याला शोभतील असे गुण देतो. तीन जणांनी वेगवेगळं बसून प्रत्येक कामाला चार निकषांवर पाचपैकी गुण द्यायचे आणि मग एकत्र बसून जिथे दोनापेक्षा जास्त फरक आहे तिथे भांडायचं.

आमच्याकडे भांडण झालं ते तपासणी टेबलावरून. इंजेक्शनची प्रत्येक कुपी हाताने तपासली जाते. टेबलावर प्रखर दिवा, मागे अर्धा पडदा पांढरा, अर्धा काळा. कुपी हळूच उलटी-सुलटी फिरवायची, पांढऱ्यापुढे पाच सेकंद, काळ्यापुढे पाच सेकंद. पांढऱ्यावर काळा कण दिसतो, काळ्यावर धागा आणि काचेची कपची. फिरवताना बुडबुडा उठला तर तो बसेपर्यंत थांबायचं, नाहीतर बुडबुड्याला कण समजून चांगली कुपी बाद होते. ठरावीक काळाने डोळ्यांची तपासणी असते, आणि ज्यांत मुद्दाम खराब कुप्या मिसळल्या आहेत अशा संचावर परीक्षाही असते. टेबलावर सगळ्या बायका. पदनाम : पॅकर. वर्गवारी : अकुशल.

शेजारच्या पॅकिंग लाइनवर चेकर असतो. ठरलेल्या अंतराने लेबलावरचा बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बघायची, बॅच रेकॉर्डवर सही करायची. सगळे पुरुष. वर्गवारी : अर्धकुशल. तिघांच्या गुणपत्रिका समोर ठेवल्या तेव्हा कौशल्यात टेबलवालीला जास्त आणि जबाबदारीत दोघांना बरोबरीचे गुण होते. श्रमात मात्र सुपरवायझरने तिला पाचपैकी एक दिला होता. त्याच्या मते श्रम म्हणजे वजन उचलणं. मान आणि नजर एका जागी बांधून पाळी काढणं हा श्रमच आहे, हे पटवायला त्याला अर्धा तास त्या टेबलावर बसवावं लागलं. त्यानंतर गुण त्याने स्वतःच बदलले.

अशा वादात अडलात तर सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्रे डिकोस्टा हा निकाल वाचा. प्रकरण कंपनीतल्या स्त्री स्टेनोग्राफरांना पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा कमी पगार मिळण्याचं होतं. कामाकडे ढोबळमानाने पाहायचं, बारीकसारीक फरकांवर अडून बसायचं नाही आणि कंपनीला परवडत नाही ही सबब चालत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. युनियनशी झालेल्या कराराची ढालही चालली नाही.

फेब्रुवारीत गणित मांडलं. सूत्र सोपं : पुरुषांची सरासरी वजा स्त्रियांची सरासरी, भागिले पुरुषांची सरासरी. समजा पुरुषांचा आकडा २८,००० आणि स्त्रियांचा २३,८००, तर तफावत १५ टक्के. सरासरीसोबत मध्यकही (पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला येतो तो) काढा, कारण वरच्या दोन-तीन मॅनेजरांचे पगार सरासरी ओढून नेतात. मग हेच प्रत्येक कामाच्या गटात वेगळं करा. सरसकट तफावत बहुधा मोठी निघते आणि गटातली लहान, कारण वरच्या जागांवर बायकाच नसतात. यावर मॅनेजमेंट म्हणतं, 'बघा, खरी तफावत लहानच आहे.' तसं नाही. लहान आकडा एकाच कामाला दोन दर आहेत का ते सांगतो. मोठा आकडा कोणाला कोणतं काम दिलं जातं ते सांगतो. कायद्याची थेट जबाबदारी पहिल्यावर आहे म्हणून दुसरा अहवालातून गाळू नका. पाचांपेक्षा कमी माणसांच्या गटात टक्केवारी काढूच नका. तिथे एकाच वर्षी, एकाच कामावर रुजू झालेल्या जोड्या लावा आणि दोघांची पगारवाढीची पत्रं शेजारी ठेवून वाचा.

या जोड्यांनीच सगळ्यात जास्त शिकवलं. रुजू होताना बहुतेक जोड्या बरोबरीच्या होत्या. ज्या नव्हत्या तिथे कारण एकच : मागच्या नोकरीची सॅलरी स्लिप. आधीच्या ठिकाणी कमी मिळत होतं म्हणून इथेही कमीवर घेतलं. म्हणजे दुसऱ्या मालकाने केलेला भेद आपण टक्केवारी लावून पुढे चालवायचा. स्लिप मागणं बंद करून प्रत्येक जागेचा किमान-कमाल पट्टा ठरवणं हाच त्यावर इलाज. दुसरं कारण ठेकेदाराकडच्या वर्षांचं. पुरुषाच्या बाबतीत 'तो जुना माणूस आहे' म्हणून ती वर्षं अनुभवात धरलेली आणि बाईची मात्र कायम झाल्याच्या तारखेपासून मोजलेली.

बरोबरीने निघालेल्या जोड्या फुटल्या त्या बाळंतपणाच्या वर्षी. वर्षातले सहा महिने हजर नाही, म्हणून मूल्यमापन 'लागू नाही'. मूल्यमापन नाही म्हणून पगारवाढ नाही. २०,००० वर सहा टक्के म्हणजे १,२०० रुपये, आणि ते पुढच्या प्रत्येक वाढीत आणखी मागे पडत जातात. बाळंतपणाच्या रजेत नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत. आधी मातृत्व लाभ कायद्याच्या कलम १२ मध्ये हे होतं, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. उपाय असा : हजर असलेल्या महिन्यांवर मूल्यमापन करायचं, तेही शक्य नसेल तर आधीच्या वर्षाची श्रेणी धरायची.

२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेच्या आकड्यांवरून हेच मांडलं आहे. आजच्या तफावतीचा मोठा भाग एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांमधला आहे आणि तो पहिल्या मुलानंतर रुंदावतो. वेळी-अवेळी हजर राहणाऱ्याला तासामागे जास्त मोल मिळतं, हा त्यातला कळीचा मुद्दा. तो आमच्या ओटी रजिस्टरमध्ये उघडाच पडला होता. २०,८०० वेतन असेल तर २६ दिवस आणि आठ तासांनी तासाचा दर १०० येतो. ओटी किमान दुप्पट, म्हणजे तासाला २००. महिन्याला वीस तास ओटी करणाऱ्याला ४,००० जास्त. बेसिक रुपयाला रुपया सारखं, दरही सारखा, पण ओटीच्या यादीत बाईचं नाव क्वचितच. यादी सुपरवायझर दुपारी चारला तोंडी करायचा. त्याचं म्हणणं :

"ताईंना विचारून काय उपयोग, त्या नाहीच म्हणणार."

म्हणून महिनाभर यादी कागदावर काढली, सगळ्यांची नावं छापून, पुढे हो किंवा नाही. निम्म्याहून जास्त जणींनी हो लिहिलं. अट एकच, सुटल्यावर घणसोली स्टेशनपर्यंत गाडी. संध्याकाळी सातनंतर किंवा सकाळी सहाच्या आधी बाईला कामावर ठेवायचं तर व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ प्रमाणे तिची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था हवी. त्यामुळे संमती लेखी घेतली आणि गाडी लावली. आता यादी पाळीपाळीने फिरते आणि फलकावर लागते. रात्रपाळीच्या भत्त्याला मात्र आम्ही हात लावला नाही. तिथे कामाची परिस्थिती खरोखर वेगळी आहे. पण 'चेकर व्हायला दोन वर्षं रात्रपाळी हवी' ही बढतीची अट काढायला लावली, कारण त्या कामाला रात्रीचा अनुभव लागतच नाही.

मार्चमध्ये अहवाल साहेबांपुढे ठेवला. पहिला प्रश्न अपेक्षितच : पुरुषांचं थोडं कमी करून जुळवता येईल का? नाही. कलम ३(२) प्रमाणे समानता आणण्यासाठी कोणाचाही दर कमी करता येत नाही. दुसरा प्रश्न खर्चाचा. फरकाच्या बेरजेवर मालकाचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद वगैरे मिळून साधारण पाचवा हिस्सा वर धरावा, आणि आकडा एकूण पगारखर्चाची टक्केवारी म्हणून सांगावा. आमच्याकडे तो दोन टक्क्यांच्या आत होता. नुसते लाख रुपये सांगितले की बैठक तिथेच थांबते.

मग वाशीतल्या एका कामगार कायद्याच्या वकिलांचा सल्ला घेतला, फी १२,००० रुपये. त्यांनी कलम ४५ समजावलं. कामगार, नोंदणीकृत युनियन किंवा निरीक्षक तीन वर्षांच्या आत दावा लावू शकतात. दावा ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याला ठरलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. देणं चुकतं केलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. साहेबांना हे पटलं म्हणा किंवा त्यांनी धसका घेतला म्हणा, दर एकरकमी दुरुस्त करायला होकार आला. मागच्या बारा महिन्यांची थकबाकी मंजूर झाली, तीन वर्षांची नाही. तीनच द्यायला हवी होती असं आमचं मत अहवालात लिहिलेलं आहे. वकिलांच्या मसुद्यात 'मागील कोणताही दावा उरलेला नाही' अशी ओळ कामगारांच्या सहीसाठी होती, ती काढली. संहितेखाली येणं असलेल्या रकमेवरचा हक्क सोडून देणारा करार कलम ६० प्रमाणे रद्दबातल असतो. अशा ओळीने संशय तेवढा वाढतो.

एप्रिलचा पगार करताना तीन ठिकाणी हिशेब नीट बघावा लागला. २४,९०० वरून २५,०५० झालेल्या बाईला १५० वाढले पण २०० व्यवसाय कर सुरू झाला, म्हणजे हातात उलट कमी. अशा काठावरच्या जणींचा दर वर सरकवून घेतला. ज्यांचं बेसिक वाढलं आणि पीएफ १५,००० च्या मर्यादेवर न थांबता पूर्ण बेसिकवर कापला जातो, त्यांचा स्वतःचा १२ टक्के हिस्साही वाढला. ते आधी सांगितलं नाही तर पहिल्याच दिवशी काउंटरवर रांग लागते. आणि सगळ्यात नाजूक ईएसआयसी. वेतन २१,००० च्या वर गेलं की माणूस बाहेर पडतो. वाढ वर्गणीच्या सहामाहीत मधेच झाली तर सहामाही संपेपर्यंत तो आत राहतो, पण १ एप्रिलला तर नवी सहामाही सुरू होते, म्हणून त्याच दिवशी बाहेर. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवरचा लाभ डिसेंबरअखेर चालतो. त्यानंतर आईवडिलांचे उपचार कुठून? त्यांच्यासाठी १ जानेवारीपासून गट आरोग्य विमा मंजूर करून घेतला. शिवाय ईएसआयसीबाहेर गेलेल्या स्त्रीच्या बाळंतपणाचे २६ आठवड्यांचे पैसे आता कारखान्याने द्यायचे आहेत, तेही अंदाजपत्रकात धरायला हवेत. हे आधी धरलं नाही तर पुढच्या भरतीत 'बाई नको' असा विचार गुपचूप सुरू होतो.

पत्रात 'महिला म्हणून वाढ' असं कुठेही लिहू नका. 'कामाच्या मूल्यांकनानुसार १ एप्रिल २०२६ पासून आपले पदनाम निरीक्षण सहायक, वर्गवारी अर्धकुशल, वेतनदर पुढीलप्रमाणे' एवढंच पुरे. काही पुरुषांचेही दर वाढले, कारण त्याच गटात मागे पडलेले दोघे-तिघे होते. त्यामुळे कुजबुज बरीच कमी झाली.

कामगाराच्या बाजूने हे करायचं असेल तर तक्ता तुमच्याकडे नसतो, पण पगाराची स्लिप देणं मालकावर बंधनकारक आहे. ती दर महिन्याला घ्या, जपून ठेवा. तुलनेचं काम करणारा सहकारी कोण, दोघं काय काय करता, कधीपासून, हे तारखांसह एका पानात लिहून एचआरला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. काम सारखं आहे की नाही यावरच वाद असेल तर तो ठरवणारा प्राधिकारी कलम ४ खाली वेगळा असतो. चौकशी ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात करा. जाताना नेमणूकपत्र आणि स्लिपांच्या दोन-दोन प्रती न्या.

या सगळ्यात एक मोठा तुकडा बाहेरच राहिला. सफाई आणि खोके भरणाऱ्या बायका ठेकेदाराच्या मस्टरवर आहेत. कलम ३ ची तुलना एकाच मालकाकडच्या माणसांत होते, त्यामुळे एकाच छपराखाली काम करूनही त्या आमच्या तक्त्यात येत नाहीत. ठेकेदाराच्या स्वतःच्या माणसांत मात्र त्याला कलम ३ लागू आहे. ठेक्याचं नूतनीकरण सप्टेंबरमध्ये आहे. दर महिन्याच्या बिलासोबत स्त्री-पुरुषवार वेतनपत्रक आणि ओटीचे तास जोडावेत, अशी अट मसुद्यात घातली आहे. मसुदा सध्या खरेदी विभागाकडे आहे, आणि यामुळे दर वाढतील असा शेरा मारून त्यांनी तो एकदा परत पाठवला आहे.